पाक की भुकटी?

मनुष्य सल्ला विचारतो तेव्हा त्यास पुष्कळदा सल्ल्याहून निराळेच काही हवे असते. गेल्या पावसाळ्यात इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे पत्र आले, तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानी यावयास आठ दिवस लागले. "काका, मी घरी बिअर करावयास शिकतो आहे. माल्टचा अर्क येथे दोन रूपांत मिळतो, दाट पाक आणि कोरडी भुकटी. कोणता घ्यावा?" एवढाच मजकूर.

या मुलाचे वडील, म्हणजे आमचे दादा, आज हयात नाहीत. चहासुद्धा व्यसन म्हणून वर्ज्य करणारा तो मनुष्य. त्यांच्यापुढे असा प्रश्न काढण्याची कोणाची छाती झाली नसती. आपल्याकडे तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हाच. तिकडे मात्र घरच्यापुरत्या बिअरला १९६३ पासून परवाना लागत नाही. तेव्हा मुलगा कायदा मोडीत नव्हता. घरची रीत मोडीत होता. आम्ही पत्र तसेच राहू दिले. अखेर आमचे कुटुंब म्हणाले, "त्याने सल्ला विचारला आहे, परवानगी नव्हे. उत्तर दिले नाहीत, तर पुढच्या वेळी तो विचारणारही नाही."

बिअर आम्ही कधी केली नाही. तथापि सांगलीच्या गुळाच्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर, माधवनगरात, ज्याचे आयुष्य गेले त्यास हा प्रश्न अगदीच परका नाही. जवाला मोड आणून, वाळवून, भरडून तो गरम पाण्यात ठेवला म्हणजे त्यातील पिठूळ अंशाची साखर होते. मोड आलेल्या नाचणीची आंबील गोडसर लागते तीही याच कारणाने. हे गोड पाणी आटवीत मध्येच थांबले की पाक, पुरते कोरडे केले की भुकटी. गुऱ्हाळात दुसरे काय होते? काहिलीतला रस सुमारे १०५ अंशांवर उतरवला तर काकवी, ११८ अंशांच्या आसपास नेला तर गूळ. रस एकच, गुळव्याने आच कोठे थांबवली, एवढाच भेद.

आणि या एवढ्याशा भेदातून दोघांचे स्वभाव किती निराळे होतात! ताज्या काकवीची धार गरम भाकरीवर पडावी, त्या चवीस ढेपेचा खडा कधी पोचावयाचा नाही. परंतु काकवीस उसंत सोसत नाही; पातळ राहिली तर ती आंबते, बरणीत फार दिवस पडली तर काळवंडते. गूळ वर्षभर सोबत करतो. मात्र आषाढात त्यास घाम फुटतो, म्हणून तो गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा लागतो.

हेच आम्ही पुतण्यास कळविले. पाकात सुमारे पाचवा हिस्सा पाणी असते. म्हणून जेथे पाच भाग पाक सांगितला असेल तेथे चार भाग भुकटी पुरेल. पाक ताजा मिळत असेल आणि डबा एकदाच उघडून संपणार असेल तर तो खुशाल घ्यावा. जुना पाक रंगाने गडद होतो व फिकी बिअर त्यातून साधत नाही. तो ओतताना भांडे आचेवरून खाली घ्यावे, नाही तर तळाशी बसून करपेल. थोडे थोडे करावयाचे असेल, उरलेले ठेवावयाचे असेल, तर भुकटी बरी. मात्र ती वाफेवर धरू नये. डाव्याला चिकटून तिचे गोळे होतात. आधी गार पाण्यात कालवावी.

महिन्याने उत्तर आले. मुलाने भुकटी घेतली होती, पहिला घाणा बेताचा साधला होता. खाली एक ओळ होती: "बाबांना हे आवडले असते का?"

आठ दिवस आम्ही ज्या प्रश्नापासून तोंड चुकवीत होतो तो हाच. पाक-भुकटीचा प्रश्न त्याने कोणत्याही दुकानदारास विचारला असता तरी भागले असते. हा विचारण्यास त्याला आता आमच्यावाचून कोणी उरले नव्हते. खोटे लिहिणे सोपे होते. आम्ही लिहिले, "नाही, आवडले नसते. ते तुझ्याशी चार दिवस बोललेही नसते. पाचव्या दिवशी मात्र त्यांनी तुला जेवावयास हाक मारली असती."

त्यावर त्याने काकवीची एक बाटली पाठविण्याविषयी लिहिले. ते आम्ही साफ नाकारले. गूळ पाठवू, हवा तेवढा. काकवी दूर धाडण्याची वस्तू नव्हे. मार्गशीर्षात गुऱ्हाळे भरात असतील, तेव्हा त्याने येथे यावे आणि ती काहिलीपाशी उभे राहून खावी.