किल्ली खुंटीला होती

पंचेचाळिसाव्या वर्षी मी मोटार चालवायला शिकले, याचे आमच्या भांडगावात काही जणींना अजून हसू येते. येऊ द्यावे. पण ती पाळी का आली, हे वाचक भगिनींना सांगावेसे वाटते.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तीस वर्षे दुसऱ्यांचे ट्रक चालवले. पुणे-सोलापूर रस्ता त्यांना तोंडपाठ. पुढे काचबिंदूने नजर गेली आणि स्टिअरिंग सुटले. धाकट्या भावाने जुनी मोटार घेतली. ती दारात असे. एका रात्री आईला धाप लागली. भाऊ कुरकुंभला रात्रपाळीत. मोटार दारात, किल्ली खुंटीला, आणि जन्मभर गाडी चालवलेला माणूस ओट्यावर हात चोळत बसलेला. टेम्पो मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आई वाचली. सकाळी मी म्हणाले, "अण्णा, मला शिकवा."

आधी शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो. तीस दिवस झाल्यावरच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकताना शेजारी परवानाधारक लागतो, म्हणून भाऊ शेजारी बसे. अण्णा मागच्या सीटवर. दिसत नव्हते, तरी शिकवत तेच, कानाने!

पहिल्या दिवशी गाडी आठ वेळा बंद पडली. अण्णा म्हणाले, "इंजिन फिरतंय, चाक उभं आहे. फिरत्याला उभ्याशी एकदम जोडलंस तर ते गुदमरणारच. क्लच हळू सोड. तबकड्या घासत घासत एका वेगावर येऊ देत." आजवर कोणी असे समजावलेच नव्हते. पहिल्या गिअरला जोर जास्त, वेग कमी. वरच्या गिअरला उलटे. "इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर टाक. आणि क्लचवर उगाच पाय ठेवू नकोस, प्लेट झिजते."

यवतहून भुलेश्वरच्या चढावर पुढची जीप थांबली. मी थांबले आणि गाडी मागे सरकू लागली. मला घाम फुटला. मागून शांत आवाज आला, "हँडब्रेक ओढ. आता थोडा अॅक्सिलरेटर दे, क्लच हळू वर घे. आवाज जड झाला? गाडीने पुढून नाक उचललं? मग सोड हँडब्रेक." गाडी पुढे निघाली. खरे सांगते, त्या चढावर माझी भीती गेली.

परवाना मिळाल्यावर चौथ्या महिन्यात आईला पुन्हा धाप लागली. रात्रीचे दोन. उसाचा हंगाम होता. हमरस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, काहींना मागे दिवाही नाही. अंतर राखून, घाई न करता मी केडगावला दवाखाना गाठला. आई मागे अण्णांच्या खांद्यावर डोके टेकून होती. अण्णा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आईला ऑक्सिजन लागला, श्वास बसला. तेव्हा बाकावर बसलेले अण्णा म्हणाले, "एकदाही गिअर वाजला नाही बघ."

भगिनींनो, घरात मोटार असेल तर किल्ली खुंटीवरून काढा. वय विचारू नका. शिकवणारा बहुधा घरातच असतो.