पिंगशीचे आकाशदिवे

तैवान बेटाच्या उत्तर भागांत, तैपेईच्या पूर्वेस, पिंगशी नांवाचें डोंगरी खोरें आहे. तेथें जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. येथील कोळसा वाहून नेण्याकरितां १९२१ सालीं सुमारें १३ किलोमीटर लांबीचा लोहमार्ग घालण्यांत आला. खाणी बंद पडल्या. आगगाडी मात्र प्रवाशांकरितां चालू आहे. शिफेन गांवीं ती दुकानांच्या अगदीं दारांतून जाते, आणि ती गेली कीं रुळांवर उभें राहून लोक कागदी आकाशदिवे सोडतात.

बांबूच्या कड्यावर बसविलेला पातळ कागद, खालीं तेलांत भिजविलेला कागदाचा बोळा; तो पेटला कीं आंतील हवा तापून हलकी होते व दिवा वर चढतो. त्यावर लिहून कोणी धन मागतो, कोणी परीक्षेंत यश. मूळ हेतु निराळा होता, असें सांगतात. दरोडेखोरांच्या भयानें बायकामुलें डोंगरांत लपत. मागें राहिलेले पुरुष भय टळतांच दिवा सोडून कळवीत, 'आतां घरीं या.'

भोंवतालच्या झाडींत विझून पडलेल्या दिव्यांचे सांगाडे दिसले, आणि आमचें मन कांहीं दिवा सोडण्यास धजेना. त्या रात्रीं मुक्कामावरून घरीं पत्र मात्र लिहिलें: 'इकडील सर्व क्षेम.'