लॅमिंग्टन रोडवरची आठ पायांची चिप

कोकणातून येणाऱ्याने दादरला उतरावे, पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरावी आणि ग्रँट रोडला पूर्वेकडे बाहेर पडावे. थोडे चालले की डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लागतो. पाटीवर हे नाव असले तरी दुकानदार, टॅक्सीवाले, विद्यार्थी सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. एके काळी हा रस्ता थिएटरांचा होता. १९७५ साली मिनर्व्हाला ‘शोले’ लागला तो पाच वर्षे उतरला नाही. मोठा पडदा आणि घुमणारा आवाज यांसाठी माणसे लांबून येत. आज इथे येणारा माणूस सुट्या भागांसाठी येतो.

आम्ही दोघे बाप-लेक गेलो ते ऑप-अँप घ्यायला. ऑप-अँप म्हणजे नखाएवढी चिप. आवाजाच्या दुबळ्या विजेला बळ देणे, तिला पुढच्या भागाला चालेल असे रूप देणे हे तिचे काम. आमच्या संगणकात असूसचे झोनार एसेन्स एसटीएक्स हे जुने साउंड कार्ड आहे. त्यात या चिपा झाळलेल्या नाहीत, सॉकेटमध्ये बसवलेल्या आहेत. काढून दुसऱ्या घालता येतात. जागा तीन आहेत. त्यांतल्या दोन चिपांचा आवाज हेडफोनपर्यंत जातो. तिसरी फक्त मागच्या लाइन-आउटसाठी आहे. हेडफोनसाठी तिसरी बदलणे म्हणजे माजघरात पाहुणे आणि दिवा ओटीवर.

हा खटाटोप कॅसेटींसाठी होता. फोन महाग होता तेव्हा आखातात गेलेली माणसे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. आपल्यापैकी कितीतरी घरांत अशा कॅसेटी असतील. आमच्या अब्बांच्या कुवेतहून आलेल्या अकरा कॅसेटी आहेत. अब्बा आता नाहीत. त्या आम्ही संगणकात उतरवल्या. अम्मा हेडफोन लावून ऐकते आणि म्हणते, “आवाज त्यांचाच आहे, पण पडद्याआडून येतोय.”

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. भिंतभर छोटे खण. “डीआयपी पाहिजे ना, मास्तर? सपाटवाली तुमच्या सॉकेटला बसणार नाही,” दुकानदारांनी आधीच विचारले. एनई ५५३२ ही १९७० च्या दशकाच्या अखेरची चिप आजही वडापावच्या भावात मिळते. ओपीए २१३४ आणि एलएम ४५६२ त्याहून महाग. महाग चिपांच्या नकला होतात. स्वस्त चिपेचा माथा घासून वर नवा नंबर छापतात. म्हणून बिल घ्यावे. कापसावर थोडे ॲसिटोन घेऊन माथा पुसावा. अक्षरे निघाली तर संशय घ्यावा. न निघाली तरी चिप असली ठरत नाही, म्हणून ओळखीचा दुकानदार बरा.

घरी आल्यावर संगणक बंद केला, वायर काढली, हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. चिपेच्या एका टोकाला खाच असते. ती सॉकेटच्या खाचेकडेच यायला हवी, उलटी बसली तर चिप जळते. सुरू केल्यावर थोड्या वेळाने बोट लावून पाहावे. फार वेगवान चिप न मानवणाऱ्या सर्किटमध्ये स्वतःच थरथरू लागते आणि तापते.

आता कानाची परीक्षा. कोणती चिप बसली आहे हे माहीत असले की कान मनाचे ऐकतो, आणि आवाज किंचित मोठा असला की तोच चांगला वाटतो. म्हणून लेक चिप बदलायची किंवा नुसते कॅबिनेट उघडून बंद करायची; आवाजाची पातळी आणि कॅसेट तीच. ऐकणाऱ्याने फक्त सांगायचे, जुनी की नवी. एका रविवारी सहा फेऱ्या झाल्या. तीन उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढीच येतात.

कागदावर नव्या चिपांचे आकडे सरस आहेत, पण जुन्यांचा दोषही कानाला कळण्याच्या फार खाली आहे. आणि कॅसेटची स्वतःची खरखर चिपेच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी.

मग पडदा कुठे होता? टेपरेकॉर्डरमध्ये. लेकीने हेड स्पिरिटने पुसले, तपकिरी थर निघाला. हेडजवळचा बारीक स्क्रू ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ वेगळे ऐकू येईपर्यंत हळूहळू फिरवला. कॅसेट पुन्हा उतरवली. अब्बा ‘खैरियत’ म्हणताना ‘ख़’ घशातून काढत, तो आता ऐकू येतो. ही तपासणी अम्माने केली, तिला चिपेचे नाव ठाऊक नाही.

लॅमिंग्टन रोडला जरूर जा. हाताने चिप बदलून पाहणे मुलांसाठी उत्तम धडा आहे, खर्चही फार नाही. पण घरात जुन्या कॅसेटी असतील तर आधी टेपरेकॉर्डर काढा, हेड पुसा आणि त्या उतरवून घ्या. चिपा उद्याही मिळतील. फितीवरचा थर मात्र दरवर्षी थोडा थोडा झडतो आहे.