शिवनेकाठचा मुक्काम

मुक्काम वेरूळलाच ठरला होता. पण शिर्डी सोडून समृद्धी महामार्गाने वैजापूर ओलांडेपर्यंत समोरचे आभाळ काळेकुट्ट झाले आणि सप्टेंबरअखेरच्या परतीच्या पावसाने वाऱ्यासकट गाठले. आमची मोटरहोम, म्हणजे आत राहता येणारी गाडी, उंच आणि जड आहे. आडव्या वाऱ्यात ती डुलू लागली की वेग कमी करणे एवढाच शहाणपणा उरतो, आणि अंधारात वेरूळचा डोंगर गाठण्याची कोणालाच घाई नव्हती. हडस पिंपळगावच्या इंटरचेंजवरून गाडी खाली उतरवली आणि लासूर स्टेशनाची वाट धरली.

या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेल्यावर 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाटीवर ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात लासूर हे हिरव्या पाटीवरचे एक नाव ठरते. वेरूळला जाणारा पर्यटक आणि शिर्डीला निघालेला भाविक दोघेही इथून पुढे निघून जातात.

खाली उतरल्यावर मात्र गाव भेटते. मूळ लासूर शिवना नदीच्या काठी वसलेले. लासूर स्टेशन ही त्यानंतर रेल्वेमुळे उभी राहिलेली बाजारपेठ. छत्रपती संभाजीनगरहून साधारण चाळीस किलोमीटर पश्चिमेला, गंगापूर तालुक्यात. निजामाच्या राज्यातून येणारा हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमार्ग 1900 साली मनमाडपर्यंत पोहोचला. तो मीटरगेज होता. मराठवाड्याचा कापूस मनमाडला येऊन ब्रॉडगेजच्या डब्यांत चढायचा आणि मुंबईच्या बंदराकडे जायचा. रोटेगाव, परसोडा, करंजगाव, लासूर, पोटूळ, दौलताबाद ही या मार्गावरच्या लहान स्थानकांची ओळ. त्यांपैकी काही आजही आडरानातच आहेत, पण लासूरला बाजाराने मूळ धरले आणि तो वाढला. रूळ 1990 च्या दशकात रुंद झाले. बाजार समितीत आज कांदा, कापूस आणि मक्याची उलाढाल चालते. पावसातही कांद्याच्या गाड्यांवर ताडपत्र्या ओढण्याची धांदल दिसत होती, आणि टपरीवर भज्यांचा घाणा सुरू होता.

प्रश्न होता गाडी उभी करण्याचा. रस्त्याकडेला धोका, पेट्रोलपंपावर रात्रभर ट्रकांची घरघर. भजी खाता खाता चौकशी केली, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी दाक्षायणी देवीच्या देवळाची वाट दाखवली. "गाडीतच ऱ्हाता व्हय? मग देवीपाशीच लावा. तिथं कुणी काही म्हणायचं नाही." देवळातल्या लोकांनीही लगेच जागा दाखवली. नवरात्र तोंडावर आले होते, मंडपाचे बांबू येऊन पडले होते. गाडीच्या आत शिरून गॅसवर खिचडी टाकली, दाराबाहेर पाऊस चालू होता, आणि मधूनच स्टेशनाच्या बाजूने रेल्वेगाडीची शिटी ऐकू येत होती.

सकाळी पडदा सरकवला तेव्हा आभाळ धुऊन निघाले होते.

देऊळ शिवनेच्या काठी आहे. पावसाने नदी गढूळ आणि भरून वाहत होती. काठावर बाया पाण्याकडे बघत उभ्या होत्या, कारण या मुलखात भरलेली नदी हा रोजचा देखावा नाही. वैजापूर आणि गंगापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. उन्हाळ्यात टँकर ही इथली नेहमीची गोष्ट, आणि शेतीला पाणी मिळावे म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरहून जलद कालवा इथवर आणावा लागला आहे. पलीकडे काळ्या रानात कपाशीची बोंडे धरत होती, तुरी कमरेएवढ्या झाल्या होत्या, बांधावर बगळे उतरले होते. ईशान्येला ढगांच्या खाली वेरूळ–खुलताबादची डोंगररांग निळसर दिसत होती.

त्या डोंगराशी या नदीचे नाते पाण्याचे आहे. वेरूळच्या लेण्यांवरून पावसाळ्यात जे धबधबे कोसळतात, ते येळगंगेच्या ओढ्याचे. एकोणतिसाव्या लेण्याशेजारची सीतेची न्हाणी त्यांतलीच. येळगंगा पुढे शिवनेला मिळते आणि शिवना गोदावरीला. ज्या बेसॉल्टमधून राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात कैलास कोरून काढला, तोच खडक झिजून लासूरच्या शिवारात कपाशीची काळी जमीन झाला आहे. वेरूळ पाहायला आलेल्या माणसाने हा भाग वगळला, तर त्याने डोंगर पाहिला आणि त्याचे खोरे पाहायचे राहिले. चौतीस लेणी 1983 पासून जागतिक वारसा आहेत. त्यांच्या पायथ्याचा हा मुलूख मात्र प्रवाशांच्या नकाशावर अजून आलेला नाही.

मोटरहोमचा खरा मोठेपणा इथेच कळतो. हॉटेल नसलेल्या गावातही ती माणसाला राहू देते. पण तिच्या गरजा ठरलेल्या आहेत: टाकीत भरायला स्वच्छ पाणी, बॅटरी चार्ज करायला वीज, आणि सांडपाणी व शौचालयाची टाकी रिकामी करायला योग्य जागा. पहिल्या दोन गोष्टी गावाचा चांगुलपणा देऊ शकतो. तिसरी देऊ शकत नाही, आणि देवळाच्या आवारात किंवा नदीकाठी ती टाकी सोडणे हा शुद्ध अपराध आहे. आमची टाकी पुढच्या सोयीच्या ठिकाणापर्यंत बंदच राहिली.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशा राहत्या गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचे, धोरण आणले. त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सुरक्षितता असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, आणि खाजगी जागेवरही असे पार्क उभारता येतात. मोटर कॅरॅव्हॅनच्या बांधणीसाठी देशात एआयएस-124 हे मानक आहे. म्हणजे गाडीचे नियम आहेत, धोरण आहे, रस्ता तर देशातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे. उणीव आहे ती गावपातळीवरच्या थांब्याची. लासूर स्टेशनासारख्या ठिकाणी जवळ इंटरचेंज आहे, रेल्वे आहे, ताजी भाजी मिळणारा बाजार आहे आणि वेरूळ तासाभरावर आहे. दहा-बारा गाड्यांपुरती फरसबंद जागा, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची बंदिस्त टाकी एवढ्यावर गावाला कमाईचे नवे साधन मिळेल. पर्यटन विभागाने, बाजार समितीने आणि ग्रामपंचायतीने हा विचार एकत्र बसून करावा. तोवर वेरूळला निघालेल्यांनी पावसाळ्याच्या शेवटी येताना समृद्धीवरून हडस पिंपळगावला उतरावे, देवळात विचारून गाडी लावावी आणि जाताना जागा झाडून द्यावी.