सर्वांत लहान आकडा

गेल्या वर्षी बाबांच्या जुन्या मोटारीचा विमा उतरविण्याचे काम माझ्याकडे आले. तीन कंपन्यांचे आकडे कागदावर मांडले आणि सर्वांत लहान आकडा निवडून मी मोकळा झालो.

श्रावणात खानापूर रस्त्यावर झाडाची फांदी टपावर कोसळली. तेव्हा कळले, आपला विमा नुसता थर्ड पार्टी! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा. पण तो दुसऱ्याचे नुकसान भरतो, आपले नाही. त्याचा मूळ दर सरकारच ठरवते. कंपनीगणिक फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या विम्यात. म्हणजे मी तुलना केलीच नव्हती. भिन्न वस्तूंच्या किमती शेजारी मांडल्या होत्या, इतकेच.

दुरुस्तीचे पैसे ताईच्या फीसाठी ठेवलेल्या रकमेतून गेले. बाबा रागावले नाहीत. तेच अधिक लागले.