बाईंचे रंग

मुलांनो, भांडुपच्या आमच्या शाळेत सातवीच्या संगणक-तासाला मी टेक्स्ट एडिटर अगदी फळ्यासारखा रंगवला. काळ्यावर वेबपानाच्या खुणा लाल, मजकूर हिरवा. लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ० ते २५५ पायऱ्या, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग! मी खूश. एक मुलगा मात्र मजकूर खोडताना खुणाही खोडायचा. दोनदा रागावले. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "बाई, दोन्ही सारखंच दिसतं हो."

चूक माझीच! काही जणांना, त्यातही मुलग्यांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. डोळे तपासून घ्यायला त्याच्या आईला सांगितलं. मग मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून दोघांनी रंग बदलले: गडद निळ्यावर मजकूर पांढरा, खुणा पिवळ्या नि ठळक. पिवळा त्यानेच निवडला. मला जरा भडकच वाटतो, पण असू दे.