गाडी बदलताना आपण काय विकतो?

दसरा-दिवाळीच्या दिवसांत जुनी पिकअप देऊन दुसरी घेण्याचा विचार नाशिकच्या सातपूरमधल्या अनेक घरांत चाललेला असतो, आणि प्रश्न बहुधा एकाच शब्दांत येतो : या दोन गाड्यांतली भरवशाची कोणती? हा प्रश्न सातपूरला परका नाही. महिंद्राच्या गाड्या इथल्याच कारखान्यात जुळतात. बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात, आणि त्या कारखान्याचे जुने नाव आजही मायको सर्कलच्या रूपाने रोज घेतले जाते. या दोन मोठ्या भिंतींच्या आसपास सुटे भाग घडवणारी असंख्य लहान युनिट्स आहेत. त्यांचा माल अंबड, गोंदे, सिन्नरकडे नेतात त्या पिकअपच. भाग टिकतो किती आणि तुटतो का, हे मोजण्याची विद्या ज्या वसाहतीच्या रोजच्या कामाचा भाग आहे, तिथे तरी हा प्रश्न नेमका विचारला जावा असे मला वाटते. सध्या तो नेमका विचारला जात नाही. आपण दोन नावांची तुलना करतो; अदलाबदल मात्र दोन नावांची होत नाही. एका बाजूला असते आपल्याला आतून-बाहेरून माहीत असलेली एक गाडी आणि दुसऱ्या बाजूला काहीच माहीत नसलेली एक गाडी. जुनी गाडी देताना लोखंडाबरोबर आपण तिच्याबद्दलची माहितीही देऊन टाकतो, आणि त्या माहितीचा एक रुपयाही कुणी मोजत नाही.

विश्वासार्हतेच्या अभियांत्रिकीत भरवशाची व्याख्या पक्की आहे : ठरलेले काम, ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत बिघाडाशिवाय पार पडण्याची शक्यता. यातली काम आणि मुदत बाजारात सगळ्यांच्या लक्षात असते, परिस्थिती मात्र गळून पडते. बहुतेक फरक तिथेच असतो. चाकाच्या हबमधले बेअरिंग घ्या. लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचे जे गणित मांडले, त्यावर हा उद्योग आजही उभा आहे. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या साधारण सव्वातीन घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे मागच्या एक्सलवरचा एकूण भार २५ टक्क्यांनी वाढला की बेअरिंगचे आयुष्य निम्म्याच्याही खाली येते, आणि भार दीडपट झाला तर जेमतेम पाव उरते. एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या दोन पिकअप समजा. एक सातपूरहून अंबडला पुठ्ठ्याची खोकी नेते, दुसरी हौद्यावर फळ्या चढवून कांदा भरून कसारा घाट चढते-उतरते. या दोन गाड्यांच्या हबमध्ये, पाट्यांत आणि क्लच प्लेटमध्ये जो फरक पडेल, तो दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण एकच काम करणाऱ्या गाड्यांमधल्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असेल. मग आपण बॉनेटवरचे नाव वाचून काय तोलत असतो?

कुणी म्हणेल, जास्त भाराने गाडी लवकर झिजते हे सांगायला अभियंता कशाला हवा? खरे आहे. पण हलक्या कामानेही गाडी बिघडते, आणि गेल्या काही वर्षांत हे पूर्वीपेक्षा जास्त खरे झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली आणि धुरातली काजळी पकडणारा फिल्टर डिझेल गाड्यांत सर्रास दिसू लागला. हा फिल्टर साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकतो, पण त्यासाठी त्याचे तापमान सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास जावे लागते आणि तिथे काही मिनिटे टिकावे लागते. महामार्गावर रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीत हे आपोआप होते. गेटवर थांबणारी, दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी, दिवसभर वसाहतीतच फिरणारी गाडी तेवढी तापतच नाही. जळण्याची क्रिया अर्धवट तुटते, त्यासाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते, आणि मालक म्हणतो की गाडीच खराब निघाली. गाडी खराब नव्हती, काम तिच्या जातीचे नव्हते. अशा कामाला सीएनजीची किंवा विजेवर चालणारी लहान गाडी जास्त भरवशाची ठरू शकते. उलट घाटाच्या लांब फेऱ्यांना तीच अपुरी पडेल. इंजेक्टरचेही तसेच. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. जुन्या मेकॅनिकल पंपाने डिझेलमधले थोडे पाणी, थोडा कचरा सहन केला, नवा इंजेक्टर करत नाही. ड्रममधून कॅनने डिझेल भरणाऱ्या माणसाने ‘जुनीच मॉडेल चांगली होती’ असे म्हणणे त्याच्या परिस्थितीपुरते बरोबरही असते.

आता ऐकीव माहितीकडे येऊ, कारण गाडी बदलण्याचे बहुतेक निर्णय तिच्यावर होतात. ‘आमच्या माहितीतल्या दहा जणांनी ती गाडी घेतली, एकाचेही इंजिन खोलावे लागले नाही’, या वाक्याचे वजन किती? शंभरातल्या पंचवीस गाड्यांचे इंजिन खोलावे लागते असे एखादे वाईट मॉडेल घेतले, तरी त्यातल्या कोणत्याही दहा गाड्या सुखरूप निघण्याची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त आहे. दहाच्या दहा गाड्या ठीक असल्याने मॉडेल चांगले ठरत नाही, ते फार वाईट नसावे एवढेच कळते. ‘पंधरा वर्षांच्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात’ हा पुरावा तर आणखी कच्चा आहे. रस्त्यावर दिसतात त्या टिकलेल्या. त्याच सालच्या किती भंगारात गेल्या हे रस्ता सांगत नाही. टिकलेल्यांपैकी कितींच्या आत मूळचे इंजिन आहे, हेही नाही.

मोजायचे काय, हाही प्रश्न आहे. बिघाडांची संख्या मोजण्याची आपली सवय मला चुकीची वाटते. समजा, एक गाडी दर दोन महिन्यांनी अडते, पण तिचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि अर्ध्या दिवसात ती चालू होते. वर्षाला सहा बिघाड, तीन दिवस बुडाले. दुसरी वर्षातून एकदाच अडते, पण तिचे इलेक्ट्रॉनिक युनिट बाहेरून मागवावे लागते आणि बारा दिवस ती उभी राहते. बिघाड एकच, बुडालेले दिवस चौपट. भाड्याने माल वाहणाऱ्याच्या दृष्टीने पहिलीच भरवशाची. त्यातही सगळे दिवस सारखे नसतात. दिंडोरी-निफाडची द्राक्षे जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतात. मार्चमधला एक बुडालेला दिवस पावसाळ्यातल्या चार दिवसांना भारी पडू शकतो. ओळखीच्या गाडीचे मोल इथे समजते. तिचा क्लच अजून किती चालेल, कोणता बुश आवाज करतोय, ऑइल कुठून पाझरते, हे मालकाला ठाऊक असते. म्हणून ते काम तो डिसेंबरातच उरकून घेऊ शकतो. माहीत असलेला दोष वेळापत्रकात बसवता येतो. अनोळखी गाडीचा दोष स्वतःच वेळ निवडतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले होते की, विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते, तिथे चांगल्या मालालाही वाईट मालाचा भाव मिळतो आणि चांगला माल बाजारात येईनासा होतो. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे हा विचार होता. अदलाबदल करणारा माणूस या कात्रीत दोन्ही बाजूंनी सापडतो. वेळेवर ऑइल बदललेली, माफक भार वाहिलेली त्याची गाडी सरासरी दराने जाते, आणि समोरची गाडी सरासरीहून वाईट असण्याची शक्यता तो पूर्ण दराने विकत घेतो.

यावरचा पहिला आक्षेप असा की, बाजार इतका आंधळा नाही, ज्या गाडीला जुनी असताना चांगला भाव ती टिकाऊच. मी हे अर्धे मानतो. ज्या गाडीचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी कोणताही मेकॅनिक खोलू शकतो, तिला भाव जास्त मिळतो. वरच्या हिशेबात उभे राहण्याचे दिवस धरले, तर तोही भरवशाचाच भाग आहे. पण त्या भावात नावाची भुरळ, कर्ज सहज मिळण्याची सोय आणि गिऱ्हाइकांची गर्दीही मिसळलेली असते. शिवाय तो भाव मॉडेलचा असतो, समोर उभ्या असलेल्या गाडीचा नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : माहिती कितीही असली तरी जुनी गाडी जुनीच होत जाणार, मग ओळखीला कवटाळून बसायचे का? नाही. झीज खरी आहे आणि ती वयाबरोबर वेग घेते. स्वीडनच्या वैबुल यांच्या नावाने ओळखली जाणारी वितरणाची पद्धत यासाठीच वापरतात. तिच्यातला एक आकडा एकच्या वर गेला की समजावे, बिघाडाचा धोका दर महिन्याला वाढतो आहे. पण अख्ख्या गाडीला एकच वय नसते. क्लच, पाटे, बेअरिंग, रेडिएटर बदलले की तो भाग पुन्हा तरुण होतो आणि खर्च मर्यादित राहतो. चेसिसचे तसे नाही. क्रॉस मेंबरपाशी तडा गेला असेल, वेल्डिंगची ठिगळे चढली असतील, गंजाने पत्रा पोखरला असेल, तर ती गाडी कितीही ओळखीची असो, सोडावी. इंजिनाच्या ब्रीदरमधून धूर येऊ लागला आणि ऑइलचा खप वाढला, तर इंजिन कामाचा खर्च आणि गाडीची किंमत शेजारी मांडून बघावी. सोडण्याचे कारण त्या गाडीच्या अंगावर दिसले पाहिजे, शेजाऱ्याच्या दारातल्या नव्या गाडीत नव्हे.

कोरी गाडी घेतली तर वॉरंटी असते, मग काळजी कसली, असेही म्हटले जाते. वॉरंटी भागाचे पैसे देते, बुडालेल्या भाड्याचे नाही. हप्ता तर गाडी उभी असली तरी चालूच राहतो. शिवाय नव्या यंत्राचा बिघाडदर पहिल्या काही महिन्यांत थोडा चढा असतो, नंतर खाली येऊन स्थिर होतो, हे प्रत्येक उत्पादन अभियंत्याला माहीत असते.

मग अनोळखी गाडीची ओळख करून घ्यायची कशी? पूर्वी मीटरवर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त होती. आता कागद बोलतात आणि आपण त्यांना विचारत नाही. ‘वाहन’च्या नोंदीत कितवा मालक, बोजा उतरला की नाही, पासिंग कधीपर्यंत, हे दिसते. पण माझ्या मते सर्वांत बोलका कागद फास्टॅगचा आहे. वर्षभराचे स्टेटमेंट मागावे. घोटी आणि पडघ्याच्या टोलनाक्यांच्या नोंदी आठवड्यातून पाच वेळा असतील तर गाडीने घाट किती चढला ते कळले. दोन महिने एकही नोंद नसेल तर ती तेव्हा कुठे उभी होती हे विचारावे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून बोगद्यातून जाता येते, म्हणून त्या आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्या वेगळ्या वाचाव्यात. सर्व्हिसची जॉब कार्डे, डिझेलच्या पावत्या आणि टोलच्या नोंदी एकमेकांशी जुळवल्या की मीटर मागे फिरवले असल्यास तेही बहुधा उघडे पडते. बीएस-६ गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड आणि फिल्टरची स्थिती पाहावी. कोड नुकतेच पुसलेले दिसले तर ती नोंदही महत्त्वाची. जो विक्रेता हे कागद देत नाही, त्याच्या गाडीची किंमत आपण माहितीविना धरावी, म्हणजे कमी धरावी.

एकट्या गाडीमालकाने हे सगळे करावे, असे म्हणताना मला एक गोष्ट खटकते. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीचे निकाल मॉडेलवार सर्वांना खुले असतात. जर्मनीत टीयूव्ही संस्थांच्या तपासणीवरून दरवर्षी अहवाल निघतो. अमेरिकेत जे. डी. पॉवर तीन वर्षे जुन्या गाड्यांमधल्या तक्रारी दर शंभर गाड्यांमागे मोजते. आपल्याकडे माल वाहणाऱ्या गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. स्वयंचलित यंत्रांवर तपासणी करणारे केंद्र नाशिकमध्ये आहे, आणि ते देशातल्या अशा पहिल्या काही केंद्रांपैकी एक. कोणत्या मॉडेलची, कोणत्या वयाची गाडी ब्रेकमध्ये नापास झाली, कोणती धुरात, ही माहिती तिथे रोज तयार होते. मालकाचे नाव आणि गाडीचा नंबर काढून ती वर्षातून एकदा छापली, तर पिंपळगाव-लासलगावच्या शेतकऱ्याला आज ऐकीव गोष्टींवर घ्यावा लागणारा निर्णय आकड्यांवर घेता येईल. ही मागणी वाहतूकदारांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

अदलाबदल करायचीच असेल, तर दिवाळीचा मुहूर्त माझ्या हिशेबात चांगला बसतो, आणि त्याचे कारण द्राक्षांच्या हंगामात आहे. दिवाळीनंतर द्राक्षे निघेपर्यंत दोन महिने तरी हातात असतात. नवी असो वा जुनी, आलेली गाडी या काळात मुद्दाम आपल्या खऱ्या कामाला लावावी : जो माल पुढे न्यायचा तोच, तेवढ्याच वजनाचा, त्याच रस्त्याने. पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, भार, डिझेल, आणि गाडी उभी राहिली असेल तर किती तास. हबला हात लावून तापमान बघावे, पाट्यांचे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, ऑइलची पातळी वाढते आहे का तेही पाहावे, कारण वाढणारी पातळी म्हणजे आत डिझेल उतरते आहे. डिसेंबर संपेपर्यंत त्या वहीची आठ-दहा पाने भरलेली असतील, आणि जानेवारीत पहिला क्रेट हौद्यात चढेल तेव्हा ती गाडी बरीचशी ओळखीची झालेली असेल.